मोबाईलमधलं जितराब: आमच्या दुकानात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आमचं मोबाईल दुरुस्ती आणि रिचार्जचं दुकान आहे. स्क्रीन फुटली, चार्जिंग होत नाही, या नेहमीच्या तक्रारींच्या जोडीला अलीकडे एक वेगळी चौकशी सुरू झाली आहे, मोबाईलवर प्राणी पाळायच्या 'आयडल' गेमची. 'आमचा ड्रॅगन गेला, परत येईल का?' 'मांजर मोठं व्हायचं थांबलंय, काय करू?' विचारणारी सगळी शाळकरी पोरंच असतात असं नाही. हळदीचे सौदे उरकून आलेले हमाल असतात, मिरजेच्या दवाखान्यातून रात्रपाळी करून परतणाऱ्या सिस्टर असतात. आणि सगळ्यांत मन लावून खेळणारी माझी आई आहे. तिच्यामुळेच मी हे गेम मुळापासून समजून घेतले. काउंटरवर उभ्या उभ्या सांगून पुरत नाही, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहितो आहे.

याला 'आयडल' गेम का म्हणतात? यात खेळायचं काय असतं?

आयडल म्हणजे रिकामा बसलेला. तुम्ही काही न करता बसलात तरी जो पुढे चालतो, तो आयडल गेम. सुरुवातीला एक अंडं किंवा पिल्लू मिळतं. त्याला खायला घालायचं, अंघोळ घालायची, राहायची जागा वाढवायची. ते वाढतं तसं नाणी देऊ लागतं आणि त्या नाण्यांतून आणखी चांगलं खाणं घ्यायचं. हरणं-जिंकणं बहुतेक गेममध्ये नसतंच. बोटांची चपळाई लागत नाही, म्हणून सत्तरीतल्या माणसालाही सहज जमतो.

हा प्रकार नवीन आहे का?

स्मार्टफोनच्या आधीपासूनचा आहे. जपानमध्ये २३ नोव्हेंबर १९९६ ला बांदाई कंपनीने 'तामागोची' नावाचं अंड्याच्या आकाराचं, तीन बटणांचं खेळणं विकायला काढलं. 'तामागो' म्हणजे जपानी भाषेत अंडं. त्यातलं पिल्लू भूक लागली की पिकपिक आवाज करायचं, घाण करायचं, आजारी पडायचं आणि हेळसांड झाली तर मरायचं. कसं सांभाळलं यावर ते मोठेपणी कोणतं रूप घेणार हेही ठरायचं. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, ते बनवणाऱ्या दोघांना अर्थशास्त्राचं 'इग नोबेल' म्हणजे नोबेलच्या थट्टेतलं पारितोषिक मिळालं. लोकांच्या कामाचे लाखो तास या खोट्या प्राण्यांच्या संगोपनात वळवल्याबद्दल!

प्राणी मरणं लोकांना फार लागतं, हे पुढच्या गेम बनवणाऱ्यांनी ओळखलं असावं. २०१४ मध्ये जपानच्याच हिट-पॉइंट कंपनीने 'नेको आत्सुमे' आणला. त्यात अंगणात खाणं आणि खेळणी मांडून ठेवायची, मांजरं त्यांच्या सवडीने येतात, थोडं खेळतात आणि जाताना मासे ठेवून जातात. विसरलात तर मांजर मरत नाही, फक्त येत नाही. त्याच कंपनीचा २०१७ चा 'ताबिकाएरू' म्हणजे प्रवासी बेडूक. त्याला शिदोरी बांधून द्यायची आणि तो फिरायला निघून जातो. कधी परत येईल ते आपल्या हातात नसतं, मधूनच फोटो पाठवतो. बाहेरगावी शिकायला असलेल्या मुलाचा फोटो व्हॉट्सॲपवर यावा, तसं वाटतं. हा गेम मला सगळ्यांत जास्त आवडतो, हे सांगून टाकतो.

फोन खिशात असताना प्राणी वाढतो कसा? तो आतून सतत चालू असतो का? बॅटरी खातो का?

गेम बंद असताना आत काहीही चालू नसतं. तुम्ही बाहेर पडता त्या क्षणाची वेळ गेम लिहून ठेवतो. परत उघडता तेव्हा आताच्या वेळेतून ती वजा करतो आणि जितके तास निघतील तितक्या तासांची वाढ एका दमात दाखवतो. दुधाचा रतीब महिनाभर चालतो आणि हिशेब एक तारखेला होतो, तसंच हे.

म्हणून बंद गेम बॅटरी संपवत नाही. उघडा ठेवला तर मात्र संपवतो, कारण स्क्रीन चालू राहते. रात्रभर चार्जिंगला लावून गेम उघडा ठेवणारे गिऱ्हाईक माझ्याकडे येतात. फोन तापतो, बॅटरी फुगते. त्या आठ तासांत जी नाणी मिळतात, त्यातली बरीचशी गेम बंद ठेवूनही मिळाली असती.

एक मर्यादा लक्षात ठेवा. बहुतेक गेममध्ये बंद काळाची कमाई ठरावीक तासांपुरतीच जमते. कुठे २ तास, कुठे ८, कुठे १२. कणगी भरली की पुढचं धान्य बाहेर सांडतं, तसं त्यानंतरचं वाया जातं. आपल्या गेमची मर्यादा किती आहे ते सेटिंगमध्ये किंवा परत उघडल्यावर येणाऱ्या हिशेबाच्या पाटीवर दिसतं. ती आधी शोधा, पुढची सगळी गणितं त्यावर आहेत.

दिवसातून किती वेळा उघडावा?

दोनदा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं.

हे उत्तर मला आईने दिलं. भिलवडीच्या बाजूला, कृष्णाकाठी आमचं गाव. आईने चाळीस वर्षं म्हशी सांभाळल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा म्हशी रात्री सोडून उंचावर नेल्या, पंधरा दिवस दुसऱ्याच्या दावणीला बांधल्या. परत आलो तर गोठा चिखलाने भरलेला, कडब्याची गंज कुजलेली. आईचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. त्या दिवाळीनंतर दोन्ही म्हशी विकल्या आणि ती सांगलीला आमच्याकडे आली. पहाटे साडेचारला उठायची आणि काय करावं ते सुचायचं नाही. नुसती बसून राहायची.

माझ्या मुलीने तिच्या फोनवर एक गेम घालून दिला. त्यात एक गुबगुबीत निळं पिल्लू आहे, ना म्हैस ना हत्ती. आईने त्याचं नाव चंद्री ठेवलं. आमच्या थोरल्या म्हशीचं नाव. पहिल्या आठवड्यात मुलीने तिला सांगितलं, 'आजी, दर तासाला बघायचं असतं.' आई म्हणाली, 'दर तासाला कोण जितराबापाशी जातंय? दोन टायमाला वैरण-पाणी केलं की त्येला रवंथ करू द्यावं.' आणि ती तसंच खेळते. पाच वाजता एकदा, संध्याकाळी दिवा लावल्यावर एकदा. तिच्या गेमची मर्यादा १२ तासांची आहे, त्यामुळे तिचं फारसं काही वाया जात नाही. दर तासाला उघडणाऱ्या माझ्या मुलीपेक्षा तिचं पिल्लू फार मागे नाही.

गोठ्यात वेळ माणूस ठरवतो आणि जनावर त्या वेळेला लागतं. गेम हे उलटं करू बघतो, तो आपल्याला त्याच्या वेळेला लावतो. 'तुमचं पिल्लू रडतंय', 'पिल्लू तुमची वाट बघतंय' असे निरोप दिवसभर येतात. पिल्लू रडत नसतं. तो निरोप गेम बनवताना लिहून ठेवलेला असतो आणि ठरलेल्या वेळी सुटतो. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या गेमची नोटिफिकेशन बंद करा. दुकानात कुणी गेम घालून मागितला तर मी हे आधी करून देतो.

फोनचं घड्याळ पुढे केलं तर प्राणी लवकर मोठा होईल का?

काही गेममध्ये होईल, पण करू नका. बरेच गेम वेळ फोनकडून न घेता इंटरनेटवरून घेतात, तिथे उपयोग शून्य. जे फोनची वेळ घेतात, त्यांत दुसरीच गंमत होते: तुम्ही तारीख दोन दिवस पुढे नेता, कमाई घेता आणि परत मागे आणता. आता गेमच्या वहीत शेवटची वेळ परवाची लिहिलेली आहे, म्हणजे खरा परवा उजाडेपर्यंत पिल्लू ढिम्म. 'दोन दिवस झाले, हलतच नाही' म्हणून आलेल्या पोरांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

त्याहून वाईट म्हणजे तारीख चुकीची असली की व्हॉट्सॲप उघडत नाही, बँकेचे ॲप आणि वेबसाइटही अडकतात. तासगावच्या एका द्राक्ष बागायतदाराचं पेमेंट ऐन औषधं घ्यायच्या वेळी अडकलं होतं, कारण नातवाने फोनची तारीख महिनाभर पुढे नेली होती.

नाणी कशावर खर्च करावीत? खाणं, जागा की खेळणी?

जे लवकर फिटेल त्यावर. भागाकार एकच आहे: वस्तूची किंमत भागिले तिच्यामुळे दर सेकंदाला वाढणारी कमाई. समजा चांगलं खाणं ६०० नाण्यांना आहे आणि त्याने सेकंदाला २ नाणी वाढतात. ३०० सेकंदांत, म्हणजे पाच मिनिटांत ते फिटलं. नवं तळं ५,००० ला आहे आणि सेकंदाला १० वाढतात. ते फिटायला ५०० सेकंद. तळं दिसायला भारी असलं तरी आधी खाणं घ्या. सरकी पेंडेचा दर वाढला की ती किती दुधाला परवडते हे आपल्याकडची बाई बोटांवर सांगते. हिशेब तोच आहे.

पण तीच वस्तू घेत राहिलात तर ती महाग होत जाते. पुष्कळ गेममध्ये प्रत्येक खरेदीनंतर किंमत ठरावीक टक्क्यांनी चढते. २०१३ मध्ये आलेल्या 'कुकी क्लिकर' या आयडल गेममध्ये ही वाढ १५ टक्के होती. १५ टक्के ऐकायला थोडे वाटतात. १०० नाण्यांची वस्तू दहा वेळा घेतल्यावर साधारण ४०५ ची होते, वीस वेळा घेतल्यावर १,६३७ ची आणि पन्नास वेळा घेतल्यावर १ लाख ८ हजारांच्या वर जाते. चक्रवाढ व्याज ज्याने भरलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून एकाच गोष्टीच्या मागे लागू नका. दर वेळी भागाकार करून बघा, उत्तर बदललेलं असतं.

सजावटीच्या वस्तूंनी कमाई वाढत नाही. तरीही घ्याव्यात असं माझं मत आहे. बेंदराच्या दिवशी आमच्या घरी मातीच्या बैलांना नैवेद्य दाखवून झाला आणि आईने साठवलेल्या नाण्यांतून चंद्रीला फुलांची माळ घेतली. कमाईच्या हिशेबात ती माळ कुठेच बसत नाही. आई दिवसभर खुशीत होती.

आकड्यांपुढे के, एम, बी, टी अशी अक्षरं येतात. म्हणजे किती?

के म्हणजे हजार. एम म्हणजे दहा लाख. बी म्हणजे शंभर कोटी. टी म्हणजे एक लाख कोटी. त्यापुढे बरेच गेम एए, एबी, एसी अशा अक्षरांच्या जोड्या वापरतात आणि दर पायरीला आकडा हजारपट होतो. तिथून पुढे मोजत बसू नका, पायरी बघा.

'पुनर्जन्म' घ्यायचा का? सगळं शून्य होईल म्हणतात.

घ्यायचा, पण वेळेवर. पुनर्जन्म, वारसा, नवी पिढी अशा नावांनी ही सोय येते. पिल्लू, नाणी, खाणं सगळं जातं आणि बदल्यात कायमची वाढ मिळते, म्हणजे पुढची कमाई दीडपट किंवा दुप्पट. पहिल्यांदा ते बटण दाबताना सगळ्यांचाच हात अडखळतो. पुढची खरेदी परवडायला दिवसभर लागू लागला आणि पुनर्जन्माने कमाई निदान दुप्पट होत असेल, तर दाबा. आधी जिथे पोचायला आठवडा लागला होता, तिथे साधारण निम्म्या वेळात पोचाल.

आईने अजून दाबलेलं नाही. 'चंद्रीला एकदा घालवलीय' म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही.

जाहिराती बघाव्यात का?

'तीस सेकंद जाहिरात बघा, कमाई दुप्पट घ्या' हे बटण परत उघडल्यावर येतं तेव्हाच दाबण्यासारखं असतं, कारण तेव्हा आठ-दहा तासांची रक्कम दुप्पट होते. दिवसाला दोन जाहिराती पुरेत. अधूनमधून उडणाऱ्या पेटाऱ्याच्या, फुग्याच्या जाहिरातींतून मिळतं थोडं आणि रिचार्जचा डाटा जातो.

जाहिरातीतल्या फुलीबाबत सावध राहा. ती बारीक असते, उशिरा येते, आणि बोट जरा सरकलं की दुसरंच ॲप उतरवायचं पान उघडतं. तिथून मागे या. 'पैसे कमवा', 'लगेच कर्ज' सांगणारं काहीही फोनमध्ये घेऊ नका. वयस्कर माणसांच्या फोनमध्ये मला अशी नको ती ॲप भरपूर सापडतात, आणि ती कशी आली हे त्यांना सांगता येत नाही. त्यांचा दोष नसतो.

सोनेरी अंडं निघेल म्हणून पेट्या उघडतोय. किती उघडल्यावर निघेल?

नक्की असं कधीच नाही. पैशांच्या पेट्यांत काय निघण्याची शक्यता किती, हे उघड सांगण्याचं बंधन ॲपलने २०१७ मध्ये आणि गुगलने २०१९ मध्ये घातलं. त्यामुळे पेटीजवळच्या छोट्या 'आय' खुणेवर दाबलं की टक्केवारी दिसते. समजा १ टक्का लिहिलंय. आपल्याला वाटतं, शंभर पेट्यांत एक तर निघणारच. हिशेब तसा नाही. शंभर जणांनी प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या तर साधारण ६३ जणांना निदान एक सोनेरी अंडं मिळेल आणि ३७ जण रिकाम्या हाताने उठतील. नव्व्याण्णव पेट्या फुकट गेल्या म्हणून शंभरावीची शक्यता वाढत नाही, तीही १ टक्काच. काही गेममध्ये 'इतक्या पेट्यांनंतर हमखास' अशी अट असते. ती लिहिलेली असेल तरच धरा.

फुकट मिळालेल्या पेट्या जरूर उघडा. पैसे देऊन उघडू नका, हे मी ठामपणे सांगतो.

मुलाने गेममध्ये पैसे घालवले. परत मिळतील का?

आधी मुलावर ओरडू नका. पिल्लू उपाशी आहे असं गेमने सांगितलं आणि त्याने खाऊ घेतला. त्याच्या दृष्टीने त्याने बरोबरच केलं.

अँड्रॉइड फोन असेल तर गुगल प्लेच्या संकेतस्थळावर परताव्याची विनंती करता येते. खरेदीपासून ४८ तासांच्या आत केलेल्या विनंतीला यश येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून पहिलं काम तेच. घरातल्या माणसाने चुकून खरेदी केली असं कारण निवडायची सोय तिथे आहे. उशीर झाला तर गेम बनवणाऱ्या कंपनीला थेट लिहा.

मग पुढची वाट बंद करा. प्ले स्टोअरमध्ये वर कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर दाबून सेटिंगमध्ये जा आणि प्रत्येक खरेदीला पडताळणी मागणारा पर्याय चालू करा. कार्ड तिथे साठवलेलं असेल तर काढा. यूपीआयने 'ऑटोपे'ची मंजुरी दिली गेली आहे का तेही पैसे पाठवायच्या ॲपमध्ये बघा. एकदा मंजूर झालं की दर आठवड्याचे, महिन्याचे पैसे पिन न विचारता कापले जाऊ शकतात. आणि पिन मुलांना माहीत नको. आमच्या भागात अडाणी नसलेल्या घरांतही आजोबांचा पिन नातवाला पाठ असतो.

सरकारने ऑनलाइन गेम बंद केले ना? मग हे चालतात कसे?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ बंद केले. पिल्लू पाळायच्या गेममध्ये पैसे जिंकून बाहेर काढता येत नाहीत, त्यामुळे ते त्यात येत नाहीत. एखादा गेम 'प्राणी वाढवा आणि खात्यात पैसे घ्या' म्हणत असेल तर मात्र लांब राहा.

शेतावर रेंज नसते. तिथे चालेल का?

प्रत्येक गेमचं वेगळं. उतरवल्यावर फोन एअरप्लेन मोडवर टाकून एकदा उघडून बघा. उघडला तर नेटशिवाय चालतो. असे गेम जत, आटपाडीकडच्या माझ्या गिऱ्हाइकांना मी आवर्जून सुचवतो. नेट नसलं की जाहिरातीही येत नाहीत.

मुलीचं पिल्लू मेलं. दोन दिवस जेवली नाही. काय करू?

'खोटं तर होतं, त्यात काय रडायचं' एवढं एक वाक्य बोलू नका. पिल्लू खोटं होतं, पण तिने रोज आठवणीने त्याला घातलेला घास खरा होता. तिला त्याचं नाव विचारा, काय खायचं ते विचारा. सांगू द्या.

मग एक फरक शांतपणे सांगा: स्क्रीनमधल्या पिल्लाला भूक लागत नाही, दुखत नाही. विसरलो म्हणून कुणाला त्रास झालेला नाही. दारातल्या मांजराचं, गोठ्यातल्या रेडकाचं तसं नसतं, त्यांना खरंच तहान लागते. माझ्या मुलीला आईने हे असं सांगितलं: 'ह्येला इसरलीस तर चालंल. पर त्या कुत्र्याच्या वाडग्यात पाणी हाय का ते बघून ये आधी.' तेव्हापासून आमच्या दुकानाबाहेरच्या कुत्र्याचं पाणी मुलगी बघते.

नवा गेम घेताना प्राणी मरत नाही असाच निवडा. लहान मुलांसाठी मरणारा प्राणी मला पटत नाही.

नवीन फोन घेतला. जुन्यातलं पिल्लू आणता येईल का?

जुना फोन रिसेट करण्याआधी विचारलंत तर बहुतेक वेळा हो. गेमच्या सेटिंगमध्ये खातं जोडायचा पर्याय असतो. तिथे गुगल खातं जोडा आणि नव्या फोनमध्ये त्याच खात्याने उघडा. 'पाहुणा' म्हणून खेळत असाल तर सगळी वाढ फक्त त्या एका फोनमध्ये असते, गेम काढला की गेली. अशा वेळी गेममध्ये खेळाडू क्रमांक दिसतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कंपनीला लिहिताना तोच लागतो. स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवून उपयोग नाही, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. दुरुस्तीला फोन देतानाही हे आधी करून या, पाण्यात पडलेला फोन दर वेळी उघडतोच असं नाही.

आईचा स्क्रीनशॉटवर विश्वास नाही. चंद्रीचा क्रमांक तिने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवलाय, दुधाच्या खाड्यांच्या खाली. महिना उलटला की ती तो नव्या पानावर उतरवते.